दोन सूत आणि तिसरा बिंदू

अमरावतीच्या राजापेठेत एका स्टेशनरीच्या दुकानामागे पडवी आहे. तिथे बसून मी आलेखाचे फळे रंगवतो. हे गावाकडे सांगितलं की ऐकणाऱ्याला पटत नाही. आई तर अजून फोनवर विचारते, “नुसते चौकोन मारतंस? आणि ते लोक घेतत?”

घेतात. पण का घेतात हे मला स्वतःलाच पहिली अकरा वर्षं माहीत नव्हतं.

या अंकाच्या संपादकांनी दारावरची पाटी माझ्याकडून रंगवून घेतली आणि वाळेपर्यंत गप्पा मारत बसले. जाताना म्हणाले, हेच सगळं लिहून द्या. मी सातवी पास माणूस. साधं पत्र लिहायचं तरी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं करतो, आणि पाकिटात घालताना परत वाचतो. हेही तसंच केलंय. शुद्धलेखन संपादकांनी बघावं, खरंखोटं माझ्याकडे.

माझं गाव कणकवलीच्या बाजूला. सातवीनंतर वडील आजारी पडले, शाळा सुटली, आणि मी मामाच्या टोळीबरोबर भिंती रंगवायला बाहेर पडलो. पाइप, बियाणं, सिमेंट यांच्या जाहिराती हायवेच्या कडेच्या भिंतींवर करायच्या. असं करत करत आम्ही अमरावतीला पोचलो, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. राजापेठेत ब्रश घ्यायला एका दुकानात गेलो आणि पायरीवरच बसलो. उभंच राहवेना. दुकानदाराने गल्ल्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, “डोये पिवये पडले तुये.”

मला वाटलं शिवी दिली. वऱ्हाडात ‘ळ’ला ‘य’ म्हणतात हे तेव्हा कुठे माहीत. शाळा ती ‘शाया’, फळा तो ‘फया’. मला कावीळ झाली होती. टोळी नागपूरकडे गेली आणि मी त्या दुकानामागच्या पडवीत राहिलो. दुकान तायडे काकांचं. ते चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त झाल्यावर दुकान घातलं होतं. काकूंनी महिनाभर मला मुगाची पातळ खिचडी घातली आणि रोज एकदा तरी म्हणाल्या, की असला बिनतिखटाचा माणूस घरात पहिल्यांदाच आला. बरा झालो तेव्हा टोळी फार लांब गेली होती. काकांनी विचारलं, रेघ सरळ मारता येते का? मी म्हटलं, येते. तेवढ्यावर ठेवून घेतलं. त्याला आता पंधरा वर्षं झाली.

मधल्या काळात फ्लेक्स आला आणि आमचा पाट्यांचा धंदा बसला. राहिले ते फळे. बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बी.एड. करणाऱ्यांना खऱ्या शाळेत जाऊन सरावपाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर त्यांचे प्राध्यापक बसून टिपण करतात आणि पाठवहीत शेरा देतात. शेवटी वार्षिक पाठ, त्याला बाहेरचे परीक्षक. त्यासाठी प्रत्येकाला गुंडाळी फळा लागतो. काळा रंग दिलेलं जाड कापड, वर-खाली लाकडी दांडे, चटईसारखं गुंडाळायचं आणि बसमध्ये काखेत घेऊन बसायचं. गणितवाल्यांच्या फळ्यावर चौकोनांची जाळी लागते. चार फूट बाय तीन फूट, दोन-दोन इंचांचे चौकोन, मधोमध एक आडवी आणि एक उभी जाड रेघ. त्या अक्षरेषा. रंग पातळ द्यावा लागतो, जाड दिला तर गुंडाळताना तडकतो.

जाळी आखायची रीत अशी. काकांनी सागवानाची एक पट्टी केली होती, तिला दर दोन इंचांवर खाच. पट्टीचं टोक अक्षाच्या मधोमध टेकवायचं, खाचांपाशी खुणा करायच्या. चारी बाजूंनी खुणा झाल्या की खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी दोन खुणांवर ताणून धरायची, चिमटीत उचलून सोडायची. सटकन रेघ उमटते. तिच्यावरून मग ब्रश. टेपने मोजत बसलं तर एका फळ्याला सकाळ जाईल. पट्टीने तासात होतं.

गिऱ्हाइकं एकेक असतात. एक जण अचलपूरचा होता. वार्षिक पाठाच्या आधी आला आणि हळूच म्हणाला, माझं उदाहरण ठरलेलं आहे, तर उत्तराच्या जागी मला काळ्यावर काळाच ठिपका देऊन ठेवा, फक्त चकाकणारा. समोरून दिसणार नाही, फळ्याजवळ उभं राहिलं की दिसेल. मी दिला. माझी कलाकुसर बघून मलाच बरं वाटलं होतं. आठवड्याने तो परत आला, चेहरा पडलेला. परीक्षकांनी ऐन वेळी समीकरण बदललं आणि घाबरलेल्या याने नेमका त्या ठिपक्यावरच खडू ठेवला. काकूंनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर माझ्यावर घसरल्या. कॉपीचा फया करून देतो का, असं. तेव्हापासून असले ठिपके बंद.

आता मुख्य गोष्ट.

काका गेले त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या मागे ती पट्टी माझ्या हातात आली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा करतात. इथे तायड्यांच्या घरी ती रीत नाही. त्यांची दसऱ्याला वेगळी गडबड असते, पांढरे कपडे, दीक्षाभूमीची गाडी. पण मला कधी कुणी अडवलं नाही. मी पडवीत ब्रश, दोरी, पट्टी मांडतो आणि हळदकुंकू वाहतो. त्या वर्षी बघितलं तर पट्टीचं एक टोक पिचलं होतं, कुसळं निघाली होती. तशी पट्टी पूजेला कशी ठेवायची? काकांची वस्तू. मी करवतीच्या पात्याने टोक नीट कापलं, कानशीने घासलं, वर पॉलिश कागद मारला. इतकं गुळगुळीत केलं की काकूंनीसुद्धा हात फिरवून बघितला.

एका इंचाचे आठ सूत. सुतार, गवंडी, आम्ही, सगळे सुतात बोलतो. माझ्या हातून पट्टीचे दोन सूत गेले.

हे तेव्हा लक्षात आलं नाही, कारण खाचा होत्या तिथेच होत्या. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत मोजलं तर बरोबर दोन इंच. कमी झाला तो फक्त अक्षाला लागून असलेला पहिला चौकोन, आणि अक्षरेघ जाड असल्याने तो जरा बारीक दिसला तरी वाटायचं, रेघेच्या जाडीने खाल्ला. शिवाय पाट्या रंगवणाऱ्याला एक वाईट खोड असते. अक्षरं लिहिताना आम्ही मापापेक्षा डोळ्यावर जास्त विसंबतो. ‘ट’ला माप लावलं तर तो बारका दिसतो, म्हणून थोडा मोठा काढायचा. डोळ्याला बरोबर, म्हणजे बरोबर. इतकी वर्षं हेच करत आलो.

खंडेनवमीनंतर अकोल्याच्या एका कॉलेजच्या मुलांसाठी बारा फळ्यांचा गठ्ठा गेला. राजापेठेच्या गल्ल्यावरूनही काही गेले.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी शीतल इंगळे नावाची मुलगी काखेत गुंडाळी घेऊन दुकानात आली. मुलगी म्हणतो, पण लग्न झालेली, पंचविशीची. राहणार बार्शीटाकळी, कॉलेज अकोल्याला, आणि आली होती पहाटेपासून दोन बस बदलून. तिने फळा गल्ल्यावर ठेवला आणि विचारलं, “हा तुमीच रंगोला का?”

मी हो म्हटलं आणि लगेच गुंडाळी सोडायला लागलो. माझं असंच आहे. कुणी असं विचारलं की आधी वाटतं, काहीतरी चुकलं.

ती भांडायला आली नव्हती. तिच्या सरावपाठात गडबड झाली होती आणि आठ दिवसांवर वार्षिक पाठ होता. वर्गात तिने एका समीकरणाचा आलेख काढला, दोन बिंदू बसले, तिसरा रेषेबाहेर गेला. मागच्या बाकावर पोरं हसली. पाठ बघायला बसलेल्या प्राध्यापक मॅडमनी पाठवहीत लाल शाईने लिहिलं: ‘आशयज्ञान कच्चे.’ म्हणजे ही जे शिकवते तेच हिला येत नाही. वार्षिक पाठाला परीक्षक आधी पाठवही चाळतात, असा शेरा दिसला की पहिल्यापासून तिरके बघतात. घरी सासरे म्हणत होते, नसेल झेपत तर राहू दे. रात्रंदिवस तिने तेच गणित परत परत सोडवलं होतं. दर वेळी बरोबर येत होतं आणि फळ्यावर मांडलं की चुकत होतं.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, ताई, मी फक्त चौकोन मारतो. त्यात काय करतात ते मला येत नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. “येवढे फये रंगोले आन् आलेख कसा काढते ते माईत नाई तुमाले?”

“नाही.”

“मंग बसा.”

आणि तिने मला शिकवलं. गल्ल्यावर फळा पसरून, गिऱ्हाइकं बाजूने पेनं-वह्या घेऊन जात असताना. काकू त्यांना सुटे देत होत्या आणि एक कान इकडे ठेवून होत्या. शीतलताई म्हणाली, समजा तुमच्या आणि काकूंच्या मिळून पाच पेन्सिली आहेत. तुमच्या किती त्या एक्स, काकूंच्या किती त्या वाय. एक्स अधिक वाय बरोबर पाच. तुमच्याकडे एकही नाही तर काकूंकडे पाच. तुमच्याकडे पाच तर काकूंकडे शून्य. तुमच्याकडे दोन तर त्यांच्याकडे तीन. अशी प्रत्येक जोडी म्हणजे या जाळीतली एक जागा. मधल्या ठिकाणाहून, जिथे दोन जाड रेघा छेदतात तिथून, आधी आडवं एक्सएवढं चालायचं, मग उभं वायएवढं. जिथे पोचाल तिथे खडू टेकवा. एक्सचं आणि वायचं असं साधं नातं असेल, तर त्या सगळ्या जागा एका सरळ रेषेत येतात. म्हणून त्याला रेषीय समीकरण म्हणायचं.

मी म्हटलं, सगळ्या? कितीही जोड्या घेतल्या तरी?

“सगळ्या. अडीच-अडीच घेतली तरी.”

मला काय वाटलं ते नीट लिहिता येणार नाही. अकरा वर्षं मी घरं बांधून देत होतो आणि त्यांत कोण राहायला येतं ते कधी विचारलंच नव्हतं.

मग मी विचारलं, रेषेला दोन बिंदू पुरतात ना? आम्ही दोरी दोनच खुणांवर धरतो. तिसरा कशाला?

“तोच तं मुद्दा हाय, भाऊ. कोन्तेबी दोन बिंदू घ्या, त्याईच्यातून रेष जातेच. चुकीचे घेतले तरी जाते. तिसरा साक्षीदार असते. तो रेषेवर आला तं समजायचं दोघं खरं बोलले.”

तिने बिंदू मांडले. शून्य आणि पाच. पाच आणि शून्य. दोन आणि तीन. मी दोरी आणली आणि पहिल्या दोघांवर ताणून धरली. तिसरा आतल्या अंगाला राहिला. फार नाही, बोटाच्या अर्ध्या रुंदीने. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, पाह्यलं, मले वाटतेच माहं कुठंतरी चुकते.

माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. पहिले दोन बिंदू जाड रेघांवर होते, तिसरा जाळीच्या आत. मी खिशातून टेप काढला. दुसरा चौकोन, सोळा सूत. तिसरा, सोळा. चौथा, सोळा. अक्षाला लागून असलेला पहिला, चौदा. वरच्या बाजूला, चौदा. डावीकडे, चौदा. मी आत गेलो, पट्टी आणली, टोकाला टेप लावला आणि तिथेच खाली बसलो. अकरा वर्षांपूर्वी बसलो होतो ती पायरी चार हातांवर होती.

खरं सांगायचं तर पहिला विचार चांगला आला नाही. मनात आलं, हिला गुपचूप नवा फळा करून द्यावा. चहा पाजावा. अकोल्याच्या बाकीच्या अकरा जणांनी तक्रार केलेली नाही. काकू पेन्सिली मोजत होत्या, त्यांना काही कळलं नव्हतं. या गावात माझं नात्याचं कुणी नाही. जे आहे ते या दुकानामुळे. आणि मला कायम एकच भीती असायची, की एक दिवस काकू म्हणतील, बस झालं सदा, आता तुझ्या गावाला जा.

पण ती पोरगी ‘माहंच चुकते’ म्हणत डोळे पुसत होती. मी उठलो आणि तिला टेप दाखवला. म्हटलं, ताई, गणित बरोबर आहे तुमचं. फळा खोटा आहे. तिने तीनदा मोजून घेतलं. शिक्षिका होणार ही, एवढं मला तेव्हाच कळलं.

काकूंना सांगायला मला तीन चहा लागले. पट्टी, करवत, पूजा, बारा फळे, सगळं सांगितलं. त्यांनी पट्टीच्या टोकावरून बोट फिरवलं, त्या गुळगुळीत भागावरून, आणि ती गल्ल्यावर ठेवली. मग म्हणाल्या, “पट्टी त्याईची, हात तुया, नाव दुकानाचं. तिघं बी सारखेच चुकले. पन सांगाले कोन जाईन? पट्टीले तं पाय नाईत.”

मी म्हटलं, मी जातो अकोल्याला.

“जाय. आन् तोंड कायले असं केलं? मले वाटलं गावाले जातो म्हन्तो का काय. इथल्या फयाईचं कोन पाहीन मंग?”

तेवढंच.

शीतलताईने त्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. दुसऱ्या दिवशी मी रंगाचे डबे घेऊन सकाळच्या बसने अकोल्याला गेलो. कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात जागा मिळाली. बारापैकी नऊ फळे पहिल्या दिवशी आले, दोन तिसऱ्या दिवशी. बाराव्याच्या मालकाने तो मोटारसायकल झाकायला वापरला होता. म्हणाला, पाऊसपाणी चांगलं अडवते. जुन्या रेघा सरकवता येत नाहीत. पूर्ण फळ्याला काळा रंग द्यायचा, वाळवायचा, परत पहिल्यापासून आखायचा. पट्टी मी आणलीच नव्हती. प्रत्येक खूण टेपने केली आणि प्रत्येक खूण दोनदा तपासली. सहा दिवस हेच. बोटं आखडली, पण एकदाही कंटाळा आला नाही. उलट पहिल्यांदाच मला माहीत होतं, की मी काय करतोय.

पण शीतलताईचा फळा मी तसाच ठेवला होता. तो रंगवण्याआधी मला मॅडमना दाखवायचा होता.

ही गोष्ट मी तीन दिवस टाळली. शाळेत असताना मी मास्तरांच्या खोलीत एकदाच गेलो होतो, नाव कमी करायला. चौथ्या दिवशी हात धुतले आणि गेलो. मॅडम कागद तपासत होत्या. वर न बघता त्यांनी विचारलं, कोण?

“मी फळे रंगवणारा.”

“बिल ऑफिसात द्या.”

“बिल नाही मॅडम. चूक आणलीय.”

तेव्हा त्यांनी वर बघितलं. मी फळा कपाटाच्या कडीला टांगला, खडू मागितला, आणि शीतलताईने शिकवलं तसं कोष्टक लिहिलं. एक्स शून्य, वाय पाच. आकडे लिहायची सवय नाही, म्हणून ते वाकडे आले. रेघ असती तर सरळ आली असती. दोन बिंदू घेतले, दोरी मारली. मॅडम म्हणाल्या, दोन बिंदूंतून रेषा जाते हे तुम्ही मला शिकवताय का? त्यांच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. मी म्हटलं, नाही मॅडम, मी तिसऱ्याचं सांगायला आलोय. तिसरा घेतला. तो आत राहिला. मग टेप त्यांच्या हातात दिला.

त्यांनी मोजलं. खुर्चीवर चढून वरचे चौकोनही मोजले. मग शिपायाला पाठवून शीतलताईला पाठवहीसकट बोलावलं. मला वाटलं, लाल शेरा खोडतील. त्यांनी खोडला नाही. म्हणाल्या, लिहिलेलं खोडायचं नसतं, खाली लिहायचं असतं. आणि खाली लिहिलं, ‘फळ्याचे मापन चुकीचे होते. पाठ घेणारीचे गणित बरोबर. वरील शेरा माझ्या घाईचा.’ खाली सही.

शीतलताईचा चेहरा उजळला. मी निघणार, तेवढ्यात मॅडम तिला म्हणाल्या, “पण एक सांग, इंगळे. तिसरा बिंदू बसला नाही तेव्हा तू काय केलंस?”

ती खाली बघून म्हणाली, “पुसला.”

“का?”

“मले वाटलं माहीच चूक असन.”

“गणित आधी सोडवून आणलं होतंस ना? तपासलं होतंस ना? मग पोरांसमोर म्हणायचं, थांबा, हा का बसत नाही ते बघू. पुसायचं नाही.”

हे त्या तिला बोलल्या. मी दारात उभा होतो. बसस्टँडपर्यंत चालत गेलो, तरी ते शब्द काही मागे राहीनात.

वार्षिक पाठाला शीतलताईने नव्याने आखलेल्या फळ्यावर दोन समीकरणं घेतली. एक्स अधिक वाय बरोबर पाच आणि एक्स वजा वाय बरोबर एक. दोन रेषा जिथे छेदतात ते उत्तर, तीन आणि दोन. तिने मला फळ्याचा फोटो पाठवला. छेद जाळीच्या कोपऱ्यावर बरोबर बसलेला आणि दर रेषेवर तीनऐवजी चार बिंदू. परीक्षकांनी चौथा कशाला विचारलं, तर म्हणाली, साक्षीदार जास्त असलेले बरे. ती आता बार्शीटाकळीच्या बाजूला एका शाळेत तासिकेवर शिकवते.

मीही आता फळा पूर्ण झाला की त्यावर एक्स अधिक वाय बरोबर पाच काढतो. तीन बिंदू आणि दोरी. बसला तरच फळा गुंडाळतो. खडू पुसत नाही, गिऱ्हाइकानेच पुसावा. काकांची पट्टी भिंतीवर टांगलीय. खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतो, मापाला घेत नाही.

पण अकोल्याचे बाराच सापडले. गल्ल्यावरून गेलेले कुठे गेले ते कुणालाच माहीत नाही. कुठल्या वर्गात, कुठल्या पोराला त्या दोन सुतांपायी ‘तुझं चुकलं’ ऐकावं लागलं असेल, हे मनातून जात नाही. म्हणून कामाला कुठल्याही शाळेत गेलो की आधी आलेखाचा फळा बघायला मागतो. आमच्या फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात मी पहिल्यापासून मोहरीएवढा लाल ठिपका देतो, त्यावरून ओळखतो.

परवा बार्शीटाकळीच्या पुढच्या एका शाळेत भिंतीवर पाढे रंगवायला गेलो होतो. गणिताच्या सरांच्या वर्गात फळा टांगलेला होता. त्यांनी तो पुतण्याकडून आणला होता, पुतण्याचं बी.एड. झाल्यावर. कोपऱ्यात लाल ठिपका. मी टेप लावला. चौदा सूत.

सर म्हणाले, “चांगला हाय फया. फक्त तिसरा बिंदू घ्यायचा नाई याच्यावर. नाटकं करते. मी पोरायले सांगून ठेवलं, दोनच घ्या, रेष मारा, मोकये व्हा.”

किती दिवस असं, विचारलं. म्हणाले, दोन वर्षं झाली असतील.

मी त्यांना सगळं सांगितलं आणि पाढे बाजूला ठेवले. फळ्याला काळा रंग दिला, संध्याकाळपर्यंत वाळवला, जाळी आखली. गावातच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा वर्ग भरला तेव्हा मी दोरी घेऊन फळ्याच्या बाजूला उभा होतो. सरांनी समीकरण लिहिलं. पहिला बिंदू घेतला, दुसरा घेतला आणि सवयीने खडू खाली ठेवायला गेले. मग थांबले. माझ्याकडे बघितलं, वर्गाकडे बघितलं, म्हणाले, “आज अजून एक घेऊ.”

एक मुलगी म्हणाली, “सर, तो तं बसत नाई ना.”

“पाहू न.”

त्यांनी दोन घरं आडवी मोजली, तीन उभी मोजली, आणि खडू टेकवला. मी दोरीचं एक टोक त्या मुलीच्या हातात दिलं आणि दुसरं मी धरलं. पहिल्या दोन बिंदूंवर ताणली, चिमटीत उचलली आणि सोडली.

भुकटी खाली बसली, रेघ तिन्ही बिंदूंतून गेलेली. मग ती मुलगी फळ्याजवळ गेली, तिसऱ्या बिंदूवर बोट ठेवलं, आणि रेघेवरून ते तसंच अजून न मांडलेल्या चौथ्याकडे नेलं.